घोंगडीखालची हिमनदी

निसर्गाचा कोणताही चमत्कार मान्यवरांचा सत्कार झाल्याखेरीज पाहण्यायोग्य होत नाही, हे शास्त्रीय सत्य पाठ्यपुस्तकात नाही. त्यामुळे सांगलीच्या अवधूतला ते माहीत नव्हतं. तो भौतिकशास्त्राचा ताजा पदवीधर होता.

म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतला त्याचा कॉलेजमित्र सूरज याने ऐन एप्रिलमध्ये निरोप धाडला : "गड्या, आमच्या तळ्यात हिमनदी हाय. होडीतनं बघायची. सकाळी ये, सांजच्याला माघारी जा." वाईची मैत्रीण वल्लरीही आली. (हिमनदी म्हणजे तळ्यातल्या बेटावर पसरलेला, आष्ट्याहून टेम्पोने आणलेल्या बर्फाच्या बारा लाद्यांचा चुरा. होडी म्हणजे गुऱ्हाळातली, उसाचा रस उकळायची भलीमोठी जुनी काहिल. तळं मात्र खरं होतं.)

योजना भक्कम होती. दुपारी चार वाजता पर्यटनाचे साहेब हिमनदी 'प्रत्यक्ष डोळ्यांनी' पाहणार, वाडी पर्यटनस्थळ ठरणार, आणि पर्यटनस्थळाला डांबरी रस्ता मिळतो. रस्त्यासाठी वाडीने अठरा वर्षांत एकेचाळीस अर्ज केले होते. बर्फ हा बेचाळिसावा.

अडचण फक्त उन्हाची होती. हिमनदी समितीचे अध्यक्ष नानासो यांनी अवधूतला बाजूला घेतलं. "तुमी शास्त्रातलं. चारपतुर टिकंल का?"

पदवी मिळाल्यापासून अवधूतला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं. त्याने कागद काढला. उत्तर आलं : उघड्यावर दोन तास, लोकरीच्या घोंगड्यांखाली पावणेसहापर्यंत.

"आन् बर्फाला थंडी वाजतीया व्हय?" मेंढरं राखणाऱ्या सुलाबाईंनी विचारलं.

"आजी, लोकर ऊब तयार करत नाही. बाहेरचं आत येऊ देत नाही, इतकंच."

"म्हंजी माज्या सासूवानी," असं म्हणून त्यांनी घरातल्या तेवीस घोंगड्या काढून दिल्या.

अकरा वाजता सत्कार सुरू झाले. या भागात मानाच्या पाहुण्याच्या खांद्यावर घोंगडी घालतात. समितीने नऊ मान्यवरांसाठी नऊ घोंगड्या वेगळ्या आणल्या होत्या. व्यासपीठावर मात्र एकतीस मान्यवर निघाले (त्यांत जनरेटरवालाही होता, तो वायर जोडायला चढला आणि उतरला नाही). कुणाला वगळणं शक्य नव्हतं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती.

दहावं नाव पुकारलं गेलं तेव्हा नानासोंनी बेटाकडे पाहिलं. "सूरज, काहिल काढ रं. येकच आण."

त्यानंतर दोन वाजेपर्यंत काहिलीच्या फेऱ्या पुढीलप्रमाणे झाल्या : घोंगड्या आणण्यासाठी बावीस, पाहुण्यांना हिमनदी दाखवण्यासाठी शून्य.

"आम्हाला कधी नेणार?" वल्लरीने काठावरून विचारलं.

"सत्कार आटपूं दे की!" सूरज घामाघूम होऊन वल्हवत होता.

अवधूत दर घोंगडीमागे नवा आकडा मांडत होता. बावीस गेल्या. उरलेला बर्फ एका जागी ओढून शेवटच्या घोंगडीखाली घातला तर साडेचारपर्यंत टिकत होता. रस्ता वाचत होता! तो व्यासपीठावर धावत चढला.

"नाना, काहीही करा, पण शेवटच्या घोंगडीला हात लावू नका!"

नानासोंनी अवधूतला मिठी मारली. त्यांनी माईक ओढला. "हिमनदीसाठी जिवाचं रान करणारे आपले शास्त्रज्ञ मा. अवधूतराव यांचा सत्कार ऱ्हायलाच की मंडळी! सूरज, आण रं ती!"

अवधूतला नको म्हणायचं होतं. पण नावामागे 'शास्त्रज्ञ' लागलं होतं, टाळ्या सुरू होत्या, आणि वल्लरीने मोबाईल वर धरला होता. काहिल परत येईपर्यंत तो व्यासपीठावरच थांबला. घोंगडी चांगली थंडगार होती. फोटो उत्तम आला.

चार वाजता साहेब आले, काहिलीतून बेटावर गेले आणि शेरा लिहून परतले : 'नदीचे ओघळ आढळले. हिम आढळले नाही.' अवधूत आणि वल्लरी धुळीच्या रस्त्याने परत निघाले. एसटीत अवधूत घोंगडी मांडीवर घेऊन बसला होता.

त्याच्या जागी आपण असतो तर ठामपणे नको म्हटलं असतं, असं ज्या वाचकांना वाटतं, त्यांनी आपलं पूर्ण नाव व हुद्दा समितीला कळवावा. अशा निःस्पृह व्यक्तींचा पुढच्या एप्रिलमध्ये जाहीर सत्कार ठरला आहे. (आजअखेर आलेली नावे : दोनशे सहा.) घोंगड्यांची सोय बेटावर केली आहे.