एक खुर्ची कमी

जगाचा शेवट हा भरवशाचा धंदा आहे. फक्त तो होता कामा नये. एका भयपट मालिकेच्या नवव्या भागात जुलमी राजवट कोसळली आणि माणसं सुटली. निर्मात्याच्या परिपत्रकानुसार असं काही घडलेलं नाही.

मालिकेची कल्पना सुटसुटीत आहे. प्रत्येक घरात माणसांपेक्षा एक खुर्ची कमी. भोंगा वाजला की जो एक उभा राहील, त्याला सरकार उचलून नेतं. आठ भाग लेखकानं हे जग पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिसऱ्या भागात खुर्ची-तपासणी खातं आलं. पाचव्यात पाळण्याला खुर्ची धरावं का, यावर समिती बसली (समितीला खुर्च्या पुरल्या). सातव्यात सुतारांनी बंड केलं; कंत्राट मिळताच ते मिटलं.

नवव्यात लेखकाचा जीव विटला. त्यानं लिहिलं : भोंगा वाजतो आणि एका घरातले सगळेच उभे राहतात. अशा वेळी कुणाला न्यायचं, हे नियमावलीत नाही. खातं बुडतं. मालिका संपते.

"पटत नाही हो," निर्माता म्हणाला. "मुडदे पटतात, भोंगा पटतो. बसलेला माणूस उठतो, हे कोण मानेल?"

"लोकांना दाखवून तर बघा."

"बघू. पटलं तर तुमचाच शेवट ठेवतो."

चाचणी खेळाला खुर्च्या दोनशे, माणसं दोनशे एक. लेखकाची आत्या उशिरा आली आणि सव्वादोन तास भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटच्या प्रसंगाला सभागृह हुंदके देत होतं. अठ्ठ्याऐंशी टक्के गहिवरले, अकरा टक्क्यांनी खुर्च्या टोचतात असं नोंदवलं, उरलेल्या दोघांनी आत्या आड येत असल्याची तक्रार केली.

"मोजा," निर्माता म्हणाला. "किती उठले?"

लेखक मोजायला थांबला नाही. तो बाहेर आत्यापाशी गेला. "मी मधल्या रांगेत अडकलो होतो गं."

"असू दे रे, पाय काय, दुखतातच. पिक्चर झकास. फक्त ती शेवटची माणसं जरा खोटी वाटली."

शेवट कापला. दहावा भाग जाहीर झाला. लेखकानं हे वाचणाऱ्यांच्या नावे अर्ज केला, तो असा :

'महोदय, अशी माणसं असतात याचा पुरावा सादर करायचा आहे. तरी आपल्या आसपास कुणी उभं असल्यास आपण कृपया उठावं. कुणी उभं दिसत नसल्यास, एकदा मान वळवून पुन्हा पाहावं व तसं लेखी कळवावं, ही विनंती.'