चुकीच्या मांडवातला जाहीरनामा

रियाधच्या मराठी मंडळाने यंदा नाटकाला फाटा देऊन लुटुपुटूची संसद भरवायचं ठरवलं आणि हेमचंद्र दामल्यांना चिठ्ठी निघाली ती नेमकी ख्रिस्ती पक्षाची. युरोपातल्या एका चिमुकल्या देशातला, देवाधर्माला धरून चालणारा, दर निवडणुकीत कसाबसा तग धरणारा पक्ष. विषय दिला होता, खासगीपणा आणि राष्ट्राची नीतिमत्ता.

"अहो, तुम्ही रोज संध्या करणारे. तुम्हाला जमणार आहे का हे?" त्यांच्या पत्नी हेमलताबाईंना हसू आवरेना.

हेमचंद्रही आधी कुरकुरत होते. पण ते बँकेतले माणूस, कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचणार. पक्षाची भूमिका वाचता वाचता त्यांची कुरकुर थांबली. कोर्टाच्या हुकुमाशिवाय सरकारने कुणाचं पत्र फोडू नये, फोन ऐकू नये, असं हा पक्ष ठणकावून सांगत होता. आणि त्याच दमात, खासगीपणाच्या आडोशाला बसून कुणी जुगाराचे अड्डे चालवू नयेत, घरी खोटं बोलणाऱ्याला देशाच्या तिजोरीपाशी बसवू नये, असंही बजावत होता. मतं जातील याची पर्वा नाही.

"यांना कणा आहे गं!" ते जेवताना म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी अवनीच्या खोलीत टकटक केल्याशिवाय जाणं बंद केलं.

"बाबा, आर यू ओके?" अवनीने काळजीने विचारलं.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी, अल खर्जच्या रस्त्यावर भाड्याने घेतलेल्या इस्तिराहात होता. लॉन, हॉल, भोवती उंच भिंत. हेमलताबाई जेवणाच्या समितीत, म्हणून दुपारीच गेल्या. हेमचंद्र ऑफिसातून परस्पर निघाले. तिथे एकाच मालकाचे दोन इस्तिराहे शेजारी शेजारी, दोन्हींची फाटकं सारखी हिरवी. एका फाटकातून मराठी ऐकू आलं, ते आत शिरले.

"या, या! तुमचीच वाट बघत व्हतो," दाढीवाल्या एका गृहस्थांनी हात धरला. हे जमालुद्दीन, मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या मुलीचा, उमामाचा, आज साखरपुडा होता. मुलाकडचे कुणी बडे साहेब दोन शब्द बोलणार असं त्यांच्या कानावर होतं. कोट-टाय बघून त्यांना वाटलं, हेच ते.

हेमचंद्रांना भाषणाच्या तंद्रीत काही दिसत नव्हतं. मंडळाला नवे सभासद बरेच मिळालेले दिसतात, एवढंच त्यांच्या मनात आलं. फुलांनी मढवलेला सोफा दिसला, तो सभापतींचं आसन समजून त्यांनी त्याला लवून नमस्कार केला. हातात काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आली, पाठोपाठ माईक.

पक्षाचं नाव शेवटी सांगायचं, तोवर श्रोत्यांनी ओळखायचं, असा स्पर्धेचा नियम होता. त्यामुळे त्यांनी थेट मुद्द्यालाच हात घातला.

"घराचा उंबरा हा पवित्र असतो! त्याच्या आत डोकावण्याचा हक्क परक्याला नाही!"

"वाह!" कुणीतरी म्हणालं.

"पण उंबऱ्याबाहेर माणसाने लाज सोडू नये. दारू, जुगार, लाचलुचपत यांनी राष्ट्र पोखरतं. राष्ट्राची नीती घरात घडते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यापलीकडे बायका बसल्या होत्या, तिथूनही टाळ्या आल्या. हेमचंद्रांना जन्मात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. ते पेटले. "आणि विश्वास असेल तिथे पाळत नको! कुणाचं पत्र, कुणाचा फोन, कुणाचे निरोप त्याच्या परवानगीशिवाय बघणं हे पाप आहे!"

पडद्याआडून एक कोवळा पण ठाम आवाज आला. "काकांचा बोलणा मला पटला. मग लग्नानंतर माझा मोबाइल कोणी तपासणार नाही, असा सगळ्यांसमोर सांगा."

ती उमामा होती. नवरा मुलगा शारीक कानापर्यंत लाल झाला. त्याचे वडील इब्राहीम जमालुद्दीनना म्हणाले, "तुमचे पाव्हणे हे काय बोलून बसले?"

"आमचे? मी तर तुमचे समजलो!"

सगळ्या माना हेमचंद्रांकडे वळल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "अहो, कुठे आहात?" हेमलताबाई विचारत होत्या. "तुमचं नाव पुकारून झालं. सभापती म्हणाले, या पक्षाचा सभासद कुठे गेला हे विचारणं पक्षाच्याच धोरणाविरुद्ध आहे, पुढचा वक्ता या!"

हेमचंद्रांना घाम फुटला. जुळलेलं लग्न आपण मोडलं, असं त्यांना वाटलं. "माफ करा," ते कसंबसं म्हणाले, "मी चुकून आलो. शेजारी जायचं होतं. ही भूमिका माझीही नाही, युरोपातल्या एका ख्रिस्ती पक्षाची आहे. पण खरं सांगतो, मला ती मनापासून पटली आहे."

"बसा वो," पडद्याआडून आता दुसरा, भारदस्त आवाज आला. मुलाची आई हफीजा. "पोरीचा मोबाइल मीच बघनार व्हते. शारीकचा तर रोज बघते."

"अम्मी!" शारीक किंचाळला.

"ओरडू नको. तुझा बघून बघून माझी झोप गेली, आनी सापडला काय? क्रिकेट! आजपासून दोघांचाही बघना बंद. भरवसा ठेवायचा तर पुरता ठेवायचा. घाला अंगठी!"

हॉल हसला, मग कुणीतरी मुबारक म्हणालं, मग सगळेच म्हणू लागले. अंगठी घातली गेली. हेमचंद्र निघू लागले तर त्यांना कुणी जाऊ देईना. "तुमच्या मंडलीनाही बोलवा, बिर्याणी भरपूर हाय," जमालुद्दीन म्हणाले. जरा वेळाने हिरव्या फाटकातून अख्खं मराठी मंडळ, सभापतींसह, आत आलं.

जाताना हफीजाबी स्वतः फाटकापर्यंत आल्या. "तुमचा पक्ष तिकडे निवडून येतो काय?"

"जेमतेम हो. लोक ऐकतच नाहीत त्यांचं."

"सभांमधी बोलत असतील," हफीजाबींनी मान हलवली. "त्यांना सांगा, लग्नात जाऊन बोला म्हनावं."