दिनकरराव टिपरे यांनी दगडावरच्या फोटोंसाठी स्वस्त शाई ठरविली त्याची हकीकत

॥श्री॥ रंग देतो तो, आणि रंग नेतो तोही, त्या एकास दंडवत असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघमासी जे वर्तमान जाहले ते ऐसे की, एक राज्य होते. राज्य म्हणजे बाजारपेठेतील एक गाळा, आणि त्यात दगडी पाट्यांवर लोकांचे फोटो छापून देण्याचा उद्योग चाले, आणि त्यावर श्रीमंत दिनकरराव टिपरे यांचा अंमल होता. छापण्याची रीत अशी की, फोटो खास शाईने कागदावर छापावा, मग तो कागद पांढरा लेप दिलेल्या पाटीवर पालथा घालून तापल्या यंत्रात दाबावा, म्हणजे शाईची वाफ होऊन लेपात शिरते आणि दगडावर माणूस उमटतो. शाईपाण्याची सारी व्यवस्था राणीसाहेब प्रमिळाबाई पाहत असत. त्या गतवर्षी कैलासवासी जाहल्या, आणि पाठोपाठ जुन्या शाईचा भाव असा चढला की ती घेणे परवडेना. लग्नसराई तोंडावर आली. खिशास झेपेल आणि चेहरा खरा दाखवील अशी शाई तोवर न ठरली, तर गाळा सोडणे प्राप्त होते.

मग श्रीमंतांनी आज्ञा केली की, जी शाई येईल तिची परीक्षा राणीसाहेबांच्या फोटोवर व्हावी, आणि तो मुखडा जी खरा दाखवील तीच राज्यात घ्यावी. फोटो लग्नाच्या वर्षी स्टुडिओत काढविलेला, आणि कारभारी बबनराव काळोखे यांनी मागेच संगणकात चढविलेला. मूळ फोटो रुमालात बांधून कपाटात होता. तो रुमाल श्रीमंतांनी वर्षभर सोडिला नाही, आणि संगणकाकडेही पाहिले नाही. धीरच होत नव्हता. मग शाईवाल्यांचे वकील, म्हणजे विक्रीची माणसे, बाटल्या घेऊन येऊ लागले, आणि प्रत्येकाने आपल्या शाईची एवढी थोरवी गाइली की ऐकणाराचे कान किटले. पहिली शाई सर्वांत स्वस्त. पाटी तापली, कागद उचलला, तो राणीसाहेब तांबूस! श्रीमंत म्हणाले, ही आमची प्रमिळा नव्हे, आणि वकील विन्मुख परत गेला. मग दुसरी आली, तीही तांबूस, आणि तिसरी महाग होती, तर तिचा तांबडेपणा सर्वांहून ठसठशीत. यंत्राची धग कमी करून पाहिली, वाढवून पाहिली, लेप बदलला, आणि बबनराव घामाने निथळले, परंतु गुण नाही. बबनरावांस आत कुठेतरी संशय होता, पण धन्याचे दुःख ताजे, बोलावे कोणी? नापसंत पाट्या फेकून देववेनात आणि मांडूनही ठेववेनात, म्हणून श्रीमंतांनी त्या भिंतीकडे तोंड करवून ओळीने उभ्या केल्या. दर पाटीगणिक बाईस नव्याने गमावल्यासारखे त्यांस होई, आणि ते अगदी थकून गेले. अन्न गोड लागेना. गिऱ्हाईक आले तरी उठवेना. गाळा गेला तर जाऊ दे, एकदाचे सुटू, असेही मनात येऊ लागले.

अशात वर्षश्राद्ध आले, आणि राणीसाहेबांच्या धाकट्या भगिनी मालनबाई गावाहून आल्या, आणि गाळ्यात येऊन त्यांनी भिंतीकडची एक पाटी फिरवून पाहिली. श्रीमंतांनी शाईवाल्यांविषयीचे सगळे गाऱ्हाणे सांगितले, आणि सगळे लबाड आहेत म्हणाले. मालनबाईंनी कपाट उघडवून रुमाल सोडविला, आणि फोटो पाटीशेजारी धरला. दोन्ही एकसारखे तांबूस, तसूभर फरक नाही.

मालनबाई म्हणाल्या, “दाजी, शाईला कशाला बोल लावता? फोटोच विटलाय. ताई गव्हाळ होती, आणि अंगावर मोरपंखी साडी होती. मीच नेसवली होती तिला.”

श्रीमंतांनी फोटो हाती घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला. एकही शाई खोटी बोलली नव्हती. दगडावर फोटो मागविला होता, तो प्रत्येकीने इमानाने दिला, आणि श्रीमंत मात्र दर खेपेस प्रत्यक्ष बाईच मागत बसले. त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. ते त्यांनी लपविले नाही, आणि पहिल्या स्वस्त शाईच्या वकिलास बोलावणे धाडा म्हणून सांगितले.

बबनराव हळूच म्हणाले की, हुकूम जाहल्यास संगणकावर रंग दुरुस्त करतो, साडी पुन्हा मोरपंखी होईल, एक शेवटची पाटी काढू.

श्रीमंत म्हणाले, “नको, बबनराव. मोरपंखी म्हणजे हिरव्याकडे झुकणारी का निळ्याकडे, ते तुम्ही मला विचाराल. मालनबाई सांगतील, पण मला स्वतःला आठवत नाही.”

मग स्वस्त शाई राज्यात आली, लग्नसराई पार पडली, नवरानवरीचे चेहरे दगडावर बरे उठले आणि गाळा राहिला. पुढील परीक्षा बबनरावांच्या मिशाळ फोटोवर व्हाव्या असे ठरले, कारण बबनराव रोज समोर असतात आणि ताडून पाहता येते. भिंतीकडच्या पाट्या श्रीमंतांनी तशाच ठेविल्या. येणेप्रमाणे शाईचे प्रकरण मिटले, साडीचे राहिले.