लहानूभाऊंच्या छातीतली डीपी

माणसांबद्दल लिहायला आधी माणसं कळावी लागतात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते फक्त प्रॅक्टिकलच्या वहीत. तेव्हा हा आगाऊपणा वाटला तर माफ करावं. पण पोंभुर्ण्यातले आमचे शेजारी लहानूभाऊ रोज दुपारी स्वतःच्या हृदयाचं लोडशेडिंग करतात, आणि हे कुणीतरी लिहायला हवं.

जेवण झालं की ते बाजेवर उताणे पडतात. बोलत नाहीत, कूस बदलत नाहीत. दारात कोणी आलं तर त्यांची बायको सुमनबाई आतूनच सांगतात, "लाइन बंद हाये जी, मंग या."

लहानूभाऊ वीज मंडळातले निवृत्त लाइनमन; जन्मभर गावोगावच्या डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सांभाळल्या. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडले, नागपूरला नेलं, तिथे पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी समजावलेलं ते आता गावाला समजावतात.

"दिलाच्या वरच्या कोपऱ्यात सबस्टेशन हाये. तिथून करंट निंघते, मधातल्या डीपीवर जरासा थांबते. तवर वरच्या खोल्या खालच्या खोल्याइत रगत ओततेत. मंग करंट खाली जाते अन् ठोका पडते. माही मधातली डीपीच जळाली. सबस्टेशन चालू, पण खालचं गाव कंदिलावर!"

इथवर सगळं बरोबर. पुढे मात्र त्यांच्यातला लाइनमन ऐकत नाही. पेसमेकरला बॅटरी आहे, म्हणजे लोड कमी तर बॅटरी जास्त टिकणार. म्हणून दुपारचं पडणं. म्हणून भांडण बंद, क्रिकेट बंद, मोठ्यानं हसणंही बंद. मी एखादा विनोद सांगायला लागलो की हात वर करतात. "लोड नको टाकू गा."

"जल्मभर तोंडाले फ्यूज नव्हता," सुमनबाई म्हणतात. "आता बसवला, तं घरात बोलाले माणूस नाई."

मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून एकदा भीत भीत बोललो. "भाऊ, पडून राहून फारशी बॅटरी वाचत नाई जी. ते यंत्र वरचा इशारा ऐकते अन् खाली पोचवते. बॅटरी वर्षानुवर्षं चालते. संपत आली का तपासणीत आधीच समजते, मंग नवीन बसवतात."

"डॉक्टरनंई हेच सांगतलं." ते छताकडे पाहत राहिले. "पण रंजू माह्यासारखीच अडेल हाये. तिले घरी याले टाइम लागन. तवर लाइन चालू पाह्यजे ना."

रंजू त्यांची एकुलती एक मुलगी. मुलचेऱ्याकडे बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत; तिथल्या मुलाशी तिनं लग्न केलं, तेव्हा भाऊंनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

"मंग तुम्हीच फोन करा ना."

"मी कायले करू?" ते उसळले, आणि लगेच छातीवर हात ठेवून गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "अन् दुखण्याचं तिले कोणी सांगाचं नाई. भिऊन आलेली नाई पाह्यजे मले."

काल दुपारी मी त्यांच्या ओसरीत बसलो होतो. आत फोन वाजला. थोड्या वेळानं सुमनबाई, कधी नव्हे त्या, लोडशेडिंगमध्ये बाजेपाशी आल्या. भाऊंनी डोळे न उघडताच हात वर केला.

"लोड नको टाकू."

"टाकतेच," सुमनबाई म्हणाल्या. "रंजूचा फोन होता, इकडच्या बसमंधी बसली. जावई संग हाये. तुमच्या दुखण्याचं तिले अजूनई कोणी सांगतलं नाई."