प्रत्येक ड्रम वेगळा

आमच्या शेजारचे अण्णाजी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा शिरा खातात, तो चारही पातेल्यांतला. एका पातेल्यातला खाऊन माणसाचं समाधान व्हावं की नाही? छे! "वहिनी, प्रत्येक ड्रम वेगळा," म्हणतात आणि पुढच्या पातेल्यासाठी नवा चमचा मागतात. चमचे धुणार कोण? मी!

अण्णाजींचा जन्म इथला, आमच्या झाशीतलाच, त्यामुळे मराठीत हिंदी बिनधास्त मिसळतात. औषधांच्या कारखान्यात तपासनीस होते. आता निवृत्त आणि एकटे. लग्न केलं नाही. त्यांचं प्रेम एकावरच, प्रॉपिलीन ग्लायकॉलवर! हे नाव घेताना नवी नवरी उखाणा घेताना लाजते तसे लाजतात.

"रंग नाही, वास नाही, चवीला जरा गोड, अंगाने दाट. जे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, ते हा सिरपमध्ये विरघळवतो. एकदम शरीफ! पण मापातच हं. तान्ह्या बाळाला जास्त झाला तर हाही बाधतो. आणि त्याचा एक भाऊबंद आहे, दिसायला हुबेहूब तसाच. तो पोटात गेला की मूत्रपिंडं बंद, लघवी बंद, खेळ खतम. म्हणून चेहऱ्यावर जायचं नाही, वहिनी. तपासायचं."

कारखान्यात हा माल ड्रम भरभरून यायचा. एका ड्रमचा नमुना घेऊन भागतं, असं वरचे साहेब म्हणायचे. अण्णाजी प्रत्येक ड्रम उघडल्याशिवाय सही करत नसत. पार डोकं उठवलं असणार त्यांनी साहेबांचं!

गेल्या महिन्यात आमची चार वर्षांची रेवा तापाने फणफणली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप आमचे हे सदर बाजारातून घेऊन आले, तोच अण्णाजी दारात हजर. बाटली उजेडात धरली, सील पाहिलं, लेबलावरचं बारीक अक्षर न् अक्षर वाचलं.

"अण्णाजी, पोर तापलीय हो!" मी कावले.

"द्या. पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, आणि मापाच्या टोपणानेच."

औषध दिलं. वाटलं, आता जातील घरी. कसले जातात! ओसरीवर खुर्ची ओढून बसले. तासातासाला हाक, "वहिनी, बिटियाला सू-सू झाली?"

चौथ्यांदा विचारल्यावर मी भडकलेच. "अहो, बाटली तुम्हीच पास केलीत ना?"

"लेबल पास केलं," ते हळूच म्हणाले. "ड्रम कुठे पाहिला मी?"

त्यांचा चहा तसाच गार पडला होता.

संध्याकाळी रेवाचा ताप उतरला. ती आपणहून उठून न्हाणीघरात गेली आणि बाहेर येऊन ओरडली, "अण्णाजी, हो गई!"

अण्णाजींनी चष्मा काढून डोळे पुसले. "तीस साल ड्रम पास केले, वहिनी. पिणारं लेकरू आज पहिल्यांदा पाहिलं."

इतका वेळ त्यांच्यावर चिडले, याची मला लाज वाटली. दुसरा चहा टाकला.

ताप केव्हाच गेला. पण रेवा अजून रोज सकाळी गच्चीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "अण्णाजी, हो गई!"

आणि शेजारून तितक्याच जोरात उत्तर येतं, "पास!"