कुळिगैत दाबलेलं बटण

आमच्या शेजारचे रघोत्तमराव कुणाच्याही दाराची बेल वाजवण्याआधी घड्याळ बघतात. वेळ बरी नसेल तर बेल न वाजवता दारात उभे राहतात. एकदा मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडलं, तर हे समोर. एका हातात सांबाराचं भांडं, नजर दुसऱ्या हाताच्या मनगटावर. मी म्हटलं, "अहो, आत या की." तर म्हणाले, "अजून चार मिनिटं यमगंडम् आहे, बाई. तुम्ही दार लावून घ्या." मी दार लावून घेतलं. चार मिनिटांनी बेल वाजली आणि सांबार आत आलं.

मी बँकेत नोकरी करते. बदली होऊन कोल्हापूरहून चेन्नईला आले तेव्हा अण्णा नगरातल्या या इमारतीत शेजारी मराठी माणूस आहे हे कळून मला फार बरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी त्यांच्याशी अर्धा तास बोलले आणि घरी येऊन डोक्याला हात लावला. रघोत्तमराव तंजावरचे. त्यांच्या पणजोबांचे पणजोबा कधीतरी इकडे आले, आणि येताना जी मराठी आणली तीच यांनी जपून ठेवली आहे. मी "करतेय" म्हणते तिथे ते "करूलालों" म्हणतात. मध्येच तमिळ येतं, आणि सगळं वाक्य तमिळच्या चालीवर झोके घेतं. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत एवढंच, की ती फार घाईची आहे.

घाई हा त्यांना न समजणारा प्रकार. आयुष्यभर ते रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होते. गाड्यांच्या वेळा आखून निवृत्त झाले आणि मग स्वतःच्या दिवसाच्या वेळा आखायला बसले. बायको गेल्यावर तर दुसरं काम उरलं नाही. काहीही सुचवा, त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "सरी, पण वेळ?" सरी म्हणजे तमिळमध्ये बरं. डॉक्टरकडे जाऊन या म्हटलं, "सरी, पण वेळ?" पंखा आवाज करतोय, दुरुस्त करून घ्या म्हटलं, तरी तेच. तो पंखा अजून आवाज करतो.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या तीन वेळा लाल पेनने गोल केलेल्या असतात. राहुकाळ आणि यमगंडम् या दोन वाईट, हे मला कळत होतं. तिसरी कुळिगै. ती त्यांनी मला तीनदा समजावली. कुळिगै वाईट नाही, पण तिच्यात जे कराल ते पुन्हा पुन्हा होतं. म्हणून त्या वेळेत लोक सोनं घेतात, आणि घरातलं माणूस गेलं तर त्या वेळेत बाहेर काढत नाहीत. मी मान डोलावली आणि विसरून गेले. हे विसरणंच मला पुढे महागात पडलं.

जानेवारीत ते छातीशी काहीतरी धरून माझ्याकडे आले. नारिंगी रंगाचा, जाड, वर धरायला कडी असलेला लहान मुलांचा लॅपटॉप. गणितं, शब्द, चित्रं शिकवणारा. तो त्यांच्या नातीचा, राधूचा. राधू पहिलीत असताना आईबापांबरोबर परदेशी गेली, तेव्हा बॅगेत जागा नव्हती म्हणून लॅपटॉप तात्तांकडे, म्हणजे आजोबांकडे, राहिला. आता ती चौदा वर्षांची आहे, हे मला मागाहून कळलं. रघोत्तमराव सांगत तेव्हा ती नेहमी सहाच वर्षांची असे.

पडद्यावर एक सूचना आली होती. या यंत्राची प्रणाली जुनी झाली आहे, अपडेट करा, नाहीतर काही दिवसांनी हे उघडणार नाही.

"राधू मे महिन्यांत येणार," ते म्हणाले. "त्या आधी हा धड पाहिजे. तुम्ही बँकेंत कंप्यूटरावर बसतां."

मी म्हटलं, त्यात काय, आत्ता करू. बटण दाबायचं, अर्धा तास थांबायचं, मग पुन्हा सुरू करायचं.

"सरी," ते म्हणाले, "पण वेळ?"

तिथून माझ्या हालअपेष्टा सुरू झाल्या. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मला सुट्टी असे, पण शनिवारी नवं काही आरंभायचं नाही. रविवारी सकाळी पाण्याची लॉरी येते, खाली मोटर लागते आणि दिवे मंद होतात, तेव्हा विजेचा भरवसा नाही. एका रविवारी अष्टमी. दुसऱ्या रविवारी नवमी. तिसऱ्या रविवारी सगळं जुळलं, मी बटणावर बोट ठेवलं आणि खिडकीत मांजर शिंकलं. फेब्रुवारीत त्यांनी एक तक्ता काढला. रेल्वेत गाड्यांचा काढतात तसा, तिरप्या रेघांचा. एका रेघेवर राहुकाळ, एकीवर लॉरी, एकीवर माझी बँक, आणि मधून वाट काढत जाणारी बारीक निळी रेघ म्हणजे अपडेट. तक्ता इतका सुरेख होता की मला रडू यायचं बाकी राहिलं. निळी रेघ कुठेच शेवटपर्यंत पोचत नव्हती.

आणखी एक खोड होती. लॅपटॉप ते नेहमी सुरू करूनच माझ्यासमोर आणत. माझ्यासमोर बंद करू देत नसत, सुरूही करू देत नसत. आतल्या खोलीत जायचे, दार लोटायचे आणि थोड्या वेळाने पडदा उजळलेला लॅपटॉप घेऊन बाहेर यायचे. असेल काही सोवळंओवळं, म्हणून मी विचारलं नाही. मात्र ते एक गोष्ट दर वेळी विचारत.

"बाई, अपडेट केल्यावर आंतलं सगळं असतं तसंच राहतं?"

"राहतं."

"सगळं?"

"अहो, राधूची चित्रंच आहेत ना? राहतात चित्रं."

चित्रं दाखवली होती त्यांनी. एक जांभळा हत्ती, एक घर, आणि एक चष्म्याचा माणूस, ज्याच्या हातात हाताएवढंच मोठं घड्याळ. मला वाटलं, जीव अडकलाय तो या हत्तीत आणि घरात.

एप्रिल उजाडला. चेन्नईचा एप्रिल, त्यात माझं डोकं. उघडणं बंद व्हायला थोडेच दिवस उरलेत असं आता पडदाच सांगू लागला, तेव्हा मी निर्वाणीचं बोलले. येत्या रविवारी करायचं, नाहीतर मी यात नाही. त्यांनी तक्ता बघितला, पेन्सिलीने काहीतरी पुसलं आणि म्हणाले, रविवारी दुपारी दीड ते तीन. यमगंडम् संपतं आणि कुळिगै लागायची असते. तेवढ्यात अपडेट उतरवून, बटण दाबून मोकळं व्हायचं.

पावणेदोनला आम्ही बसलो. उतरवून घ्यायला वेळ लागणार नाही असं मी म्हटलं होतं, पण त्या दिवशी इंटरनेट रखडत होतं. रघोत्तमराव समोर बसून टक्के वाचत होते. बेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. दर टक्क्याला घड्याळ. अडीचला माझा धीर सुटत चालला. मला टी. नगरला जायचं होतं, बहिणीच्या मुलीच्या लग्नाची साडी घ्यायची होती, आणि संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. शेवटी तीनच्या सुमारास अठ्ठ्याण्णववर आल्यावर ते उठले. "कॉफी करतों. तुम्ही नुसतं बघा," म्हणाले आणि आत गेले.

शंभर झाले. पडद्यावर बटण आलं: "आता पुन्हा सुरू करा." मी आत हाक मारली. कॉफी वरखाली ओतण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी दाबलं. तीन महिन्यांचा राग होता त्या बोटात, हे कबूल करायला हवं.

ते दोन पेले घेऊन बाहेर आले.

"दाबलं," मी म्हटलं. "झालं एकदाचं."

त्यांनी पेले खाली ठेवले आणि घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कुळिगै," ते हळू म्हणाले.

मी काही बोलणार तेवढ्यात पडदा काळा झाला, मग नारिंगी झाला, आणि यंत्रातून एका लहान मुलीचा आवाज आला, दात पडलेल्या तोंडाचा: "तात्ता, मी आलें. ऊठ की."

पडदा काळा झाला. मग नारिंगी. "तात्ता, मी आलें. ऊठ की." पुन्हा काळा. पुन्हा नारिंगी.

यंत्र सुरू होताना मुलाचा स्वतःचा आवाज वाजेल अशी सोय त्या लॅपटॉपात होती. सहा वर्षांच्या राधूने तो भरून ठेवला होता. दुपारी झोपलेल्या आजोबांच्या उशाशी लॅपटॉप आणून ती तो सुरू करायची म्हणे. दार लोटून ते आत काय करत होते, हे मला तेव्हा कळलं. जपायचं होतं ते हेच. हत्ती नाही, घर नाही. अपडेट झालं तर हा आवाज जाईल आणि नाही केलं तर यंत्रच उघडणार नाही, या दोहोंमध्ये तो माणूस तीन महिने तक्ते काढत बसला होता.

साडेचारपर्यंत मी जमेल ते सगळं केलं. बटणं दाबून धरली, वायर काढली, कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, अपडेट अर्धवट बसलं आहे, म्हणून यंत्र सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. पेनड्राइव्हवरून सगळं पुसून नवीन टाका, वीस मिनिटांत होईल.

"पुसून म्हणजे आवाज?" रघोत्तमरावांनी विचारलं.

मी मदतकेंद्राचा फोन बंद केला. मग त्यांनी स्वतःच राधूला फोन लावला. राहुकाळ लागला होता, साडेचार वाजून गेले होते. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. राहुकाळात त्यांनी काही केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तात्ता?" स्पीकरवर झोपेतला, मोठ्या मुलीचा आवाज आला. तिच्याकडे सकाळ असावी. त्यांनी लॅपटॉपचं सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, "कुठला लॅपटॉप? ओ, तो ऑरेंजवाला? तात्ता, तो अजून आहे? फेकून द्या ना." मग थोडं थांबून, आवाज मऊ करून, म्हणाली की मे महिन्यात तिचा कॅम्प आहे, त्यामुळे यंदा जमणार नाही, आई सांगणारच होती. ती वाईट मुलगी नाही. पण तिला मराठी येईनाशी झाली होती. "मी आलें" म्हणणारी ती मुलगी आता फक्त त्या यंत्रात होती.

"सरी, कण्णा," ते लाडाने म्हणाले. "नीट जेव." आणि फोन ठेवला.

मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. मी चटकन माझ्या मोबाइलवर तो आवाज भरून घेतला आणि त्यांना ऐकवला. आता पुसलं तरी आवाज राहील, मी म्हटलं. मी पेनड्राइव्ह तयार करून आणते, चांगली वेळ बघून टाकू.

त्यांनी मोबाइल कानाशी धरला, पूर्ण ऐकलं आणि मला परत दिला.

"ह्यांत मला बटण दाबायला पाहिजे, बाई," ते म्हणाले. "इथं ती आपणहून म्हणते."

कॉफी गार झाली होती. मी तशीच प्यायले.

साडी राहिली. पेनड्राइव्ह मी खरोखरच तयार केला, तो अजून माझ्या पर्सच्या छोट्या कप्प्यात आहे. एकदा घेऊन गेले तेव्हा स्वयंपाकघरात नवा तक्ता लावलेला दिसला. त्यात माझी बँक नव्हती, लॉरी नव्हती, निळी रेघही नव्हती. रविवारच्या चौकोनात तीन ते साडेचार, कुळिगै, एवढंच होतं, आणि त्याभोवती लाल पेनचा गोल. मी पर्स उघडली नाही.

आता रविवारी दुपारी मी घरीच असते. माझा मुलगा पुण्याला वसतिगृहात आहे. माझ्या मेसेजला तो एक अंगठा पाठवतो. तीन वाजले की भिंतीपलीकडे त्या पंख्याच्या आवाजातून राधू येते. तात्ता, मी आलें, ऊठ की. दीड तास, न थकता. पहिल्या रविवारी मी कानात बोटं घातली होती. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की मधल्या शांततेत, पडदा काळा असेल तेवढ्या वेळात, आणखी एक आवाज असतो. म्हातारा, बारीक, आणि मुळीच घाई नसलेला.

"उठलों गे," ते म्हणतात. दर वेळी.