आलेसानाच्या वाट्याची रोझरी

टक्. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजून गेल्यावर गावावर पसरलेल्या शांततेत तेवढाच आवाज झाला. मरियेच्या मूर्तीला टेकवलेला फोन घसरला आणि आलेसाना तोंडावर आपटला.

"पडला," लोसाबाई माळेवरची नजर न काढता सुनेला म्हणाल्या. "न्यूझीलंडला गेला तरी बसायची रीत काही सुधारली नाही."

तेलेसियाने नवऱ्याला उचलून पुन्हा उभं केलं. पडद्यात तो ओशाळं हसला. अंगावर बागेतलाच शर्ट, डोळ्यांखाली काळं. सफरचंदांच्या बागेत त्याचा हा दुसरा हंगाम. ऑक्टोबरात मरियेची मूर्ती गावात घरोघर मुक्काम करते, तशी ती यांच्याकडे आली होती आणि आज निघणार होती. तेलेसियाने सगळा मुक्कामभर एकच बेत जपला होता: रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, संपली की मूर्तीसमोरच विचारायचं, नाताळला येतोयस की तिसऱ्या हंगामाच्या करारावरही सही केलीस? एरवी हा विषय काढला की त्याची रेंज जायची. मरियेसमोर जाणार नव्हती.

रोझरी सुरू झाली आणि घोळही. प्रत्येक मण्याची अर्धी प्रार्थना लोसाबाईंनी म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. पण आलेसानाचं उत्तर समुद्र ओलांडून सावकाश यायचं. सगळे आमेन म्हणून मोकळे झाले की फोनमधून तो "हे पवित्र मरिये" सुरू करायचा. तोवर लोसाबाई पुढच्या मण्यावर. त्या थांबल्या की तोही थांबायचा, त्या बोलल्या की तोही बोलायचा. छोटी लेक सेफिना हसू दाबता दाबता चटईवर आडवी झाली.

"आलेसाना," लोसाबाई म्हणाल्या, "तू आमच्याबरोबर आहेस की मागच्या मण्यावर?"

तोडगा तेलेसियाने काढला. पुढचे दहा मणी आलेसानाच सांगेल, घरचे त्याच्यामागून उत्तर देतील; जरा वाट बघावी लागेल, पण गुंता होणार नाही. लोसाबाईंना पटलं. फक्त त्यांनी घरच्या नियमाची आठवण करून दिली: ज्याने दहा मणी हाती घेतले त्यानेच ते संपवायचे, मधेच कुणी त्याच्या तोंडून काढून घ्यायचे नाहीत.

पहिले मणी झकास गेले. मग आलेसाना थांबला. आवाज वाटेत असेल म्हणून सगळे माना खाली घालून बसले. आवाज आला नाही. नारळाच्या दुधातला फणस निवू लागला. प्रार्थनेची वेळ संपल्याचा शंख झाला, रस्त्यावर पोरं धावू लागली, तरी हे बसलेलेच.

तेवढ्यात शेजारची आतालिना गावातल्या बायकांना घेऊन मरियेला आपल्या घरी न्यायला आली. घर नुसत्या खांबांवर, भिंती नाहीत. रस्त्यावरूनच तिला हे सगळं कुटुंब निश्चल बसलेलं दिसलं. ती कडेला गुडघ्यांवर टेकली आणि कुजबुजली की आमच्याकडे तर पातेल्याला उकळी यायच्या आत सगळे उठतात, इथली भक्ती बघा. हे ऐकल्यावर लोसाबाईंना हलण्याची सोयच उरली नाही. त्यांनी मान आणखी खाली घातली.

आणि मूर्तीच्या पायाशी कुणीतरी खणखणीत घोरलं.

आतालिनाने आधी मरियेकडे पाहिलं. मग फोनकडे.

तेलेसियाचा हात पुढे गेला. एक हाक मारली असती तर तो उठला असता. प्रश्न ओठांवर होता. लोसाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"झोपू दे."

"आई, मला विचारायचंय त्याला."

"मलाही तेच विचारायचंय गं. पण बघ, तोंड उघडं टाकून झोपलाय. घरी असाच झोपायचा."

तेलेसियाने पाहिलं. हात मागे घेतला.

"मग उरलेले मणी?" आतालिनाने हळूच विचारलं. "ते कोण सांगणार?"

लोसाबाई लेकाकडे बघत राहिल्या. तो लांबलचक घोरून थांबला, तशा त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे पवित्र मरिये..." घरचे त्यात मिसळले, मग आतालिनाच्या बायकाही. एक मणी सरकला. तो पुन्हा घोरला, सगळ्यांनी पुन्हा उत्तर दिलं. जागेपणी न जमलेला ताल आता कुठेही चुकत नव्हता.

सेफिना रांगत फोनपाशी गेली, बापाच्या झोपलेल्या चेहऱ्याला नाक लावून बराच वेळ बसली आणि परत येऊन आईच्या मांडीवर चढली. तिच्या कानाशी तोंड नेऊन तिने विचारलं, "आई, बाबा जागा झाला की इथे असेल?"